मालमोटारीचे सारथ्य
(मंडळाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात दिलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी यंदा मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषयाची निवड माझ्यावरच सोपविली. मास्तर आहेत, म्हणजे शिक्षणावर बोलतील, अशी त्यांची अटकळ असावी. ती खोटी ठरलेली नाही. मी शिक्षणावरच बोलणार आहे. मात्र ते शिक्षण वैद्यकाचे नाही, स्थापत्याचे नाही आणि संगणकाचेही नाही. मालमोटार, म्हणजे आपण ज्याला ट्रक म्हणतो तो, हाकण्याच्या शिक्षणाविषयी मला बोलावयाचे आहे. ट्रक हाकण्याला कसले आले शिक्षण, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी कृपा करून अर्धा तास धीर धरावा.

दरवर्षी याच मंडपात आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो. शाल, श्रीफळ आणि पाकीट देतो. हे योग्यच आहे. परंतु ज्या घरांतून हे गुणवंत येतात त्याच घरांतून, पुष्कळदा त्याच चुलीवरून, दुसरा एक मुलगा दहावीच्या आधी किंवा नंतर शाळा सोडतो आणि पुणे-बंगळूर रस्त्यावर एखाद्या गाडीवर चढतो. आपल्या समाजात पदवीधर किती, याची मोजदाद मंडळाच्या वहीत आहे. चालक किती, याची नाही. तथापि सातारा जिल्ह्यातील आपल्या गावांतून हिंडताना माझ्या असे ध्यानी आले, की हमरस्त्याच्या कडेच्या गावांत तिसऱ्या-चौथ्या घरी स्टिअरिंगवर पोट भरणारा एक तरी पुरुष निघतो. ज्या धंद्यावर इतकी चूल पेटते त्याच्या शिक्षणाचा विचार आपण एकदाही केलेला नाही.

हा मुलगा आजवर शिकत आला कसा? तो किन्नर म्हणून गाडीवर राही. काच पुसणे, टायरवर लोखंडी कांब आपटून आवाजावरून हवा ओळखणे, घाटात गाडी थांबली की चटकन उतरून चाकाखाली दगड देणे, ताडपत्रीचे दोर आवळणे, रात्री स्टोव्हवर भात टाकणे ही त्याची बाराखडी. दोन-तीन वर्षे अशी गेली, की एखाद्या मोकळ्या रस्त्यावर पहाटेच्या वेळी उस्तादाला डुलकी येऊ लागे आणि तो म्हणे, "घे जरा, बस." त्या घटकेला मुलगा चालक झाला! परवाना पुढे सवडीने येई.

या उस्तादांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. इंजिनाच्या आवाजात किंचित फरक पडला तर तो कानाला कळला पाहिजे; हौद्यात माल एका अंगाला बसला असेल तर पहिल्या वळणावरच गाडी ते सांगते; पावसाळ्यात साइडपट्टीवर चाक उतरवायचे नाही; ही विद्या पुस्तकांत नाही, ती त्यांच्यापाशी आहे. परंतु शिष्याला गुरूची विद्या मिळते तसे गुरूचे दोषही मिळतात. उतारावर गाडी न्यूट्रल करणे, झोप मारण्यासाठी तंबाखू आणि त्याहून वाईट पदार्थ तोंडात टाकणे, कागदपत्रांतील उणीव नोटेने भरून काढणे, हेही तो त्याच सीटवर शिकतो. आणि आता ही उस्तादाची शाळाही बंद पडत चालली आहे. मालकाला किन्नराचा पगार परवडत नाही, म्हणून पुष्कळ गाड्या एकट्या चालकावर धावतात. जुनी वाट बुजली आणि नवी अजून आपल्या मुलांच्या पायाखाली आलेली नाही, अशी ही वेळ आहे.

नवी वाट कायद्याने आखून दिलेली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे व्यावसायिक वाहन चालविण्यास वय २० वर्षे पुरे लागते. त्याआधी हलक्या वाहनाचा परवाना हाती असून त्याला निदान एक वर्ष झालेले असले पाहिजे. त्याशिवाय जड वाहनाचा शिकाऊ परवानादेखील मिळत नाही. म्हणजे अठराव्या वर्षी मोटारीचा परवाना काढणारा मुलगा विसाव्या वर्षी ट्रकच्या दाराशी योग्य वेळी पोहोचतो. आणि पंचविसाव्या वर्षी जागा होणारा एक वर्ष नाहक खोळंबतो. वैद्यकीय दाखला हवा, मान्यताप्राप्त शाळेचा प्रशिक्षणाचा दाखला हवा, शिकाऊ परवान्यानंतर ३० दिवस गेलेले हवेत, आणि मग परीक्षा. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. पेट्रोल, वायू, रसायने असा धोक्याचा माल वाहावयाचा असेल तर तीन दिवसांचे वेगळे शिक्षण घ्यावे लागते आणि त्याची मुदत तीनच वर्षांची असते. लहान टेम्पोची गोष्ट निराळी आहे. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

पूर्वी आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. ती २०१९ साली काढून टाकण्यात आली. मी शिक्षक, म्हणून मला त्याचे वाईट वाटले असेल असे आपणांस वाटेल. तसे नाही. ज्यांना गरिबीने शाळेबाहेर ठेवले त्यांना पुन्हा पोटावर मारणारी ती अट होती. मात्र अट गेली म्हणून अक्षराची गरज गेली, असे कोणी समजू नये. बिल्टीवरचा पत्ता, पुलावरची वजनमर्यादा, टाकीवर लिहिलेली धोक्याची सूचना हे ज्याला वाचता येत नाही तो दुसऱ्याच्या डोळ्यांनी गाडी चालवितो.

आता या शाळांविषयी. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जड वाहनाच्या शिक्षणासाठी किमान ३० दिवस आणि त्यात प्रत्यक्ष हाकण्याचे किमान १५ तास सांगितले आहेत. अभ्यासक्रमात रहदारीचे नियम आहेत, वाहनाची निगा आहे, आगीचा धोका आणि प्रथमोपचार आहे, इतकेच काय, लोकांशी बोलावे कसे हाही एक भाग आहे. कागदावर हे उत्तम आहे. पण १५ तासांचा हिशेब करून पाहा. चाळीस मुलांपुढे खडू घेऊन उभे राहता यावे म्हणून आम्हां मॅट्रिक झालेल्यांना अध्यापन विद्यालयात दोन वर्षे काढावी लागली. आणि तीन आसांचा ट्रक २०१८ च्या सुधारित मर्यादेप्रमाणे मालासकट २८.५ टनांपर्यंत भरता येतो. तो गर्दीच्या रस्त्यावरून नेण्यास १५ तास! तेही पुरे मिळाले तर. आमच्या भागातील एका शाळेने माझ्या भाच्याकडून पूर्ण फी घेतली, हजेरीपटावर सह्या घेतल्या, आणि मैदानात चार वेळा गाडी पुढे-मागे करवून दाखला हातात दिला. भाचा खूश होता. मी त्याला दाखला कपाटात ठेवावयास लावला आणि दुसरीकडे पुन्हा शिकावयास घातले. त्या शाळेचे नाव मी येथे घेत नाही, कारण तशी ती एकटी नाही.

यावर उपाय म्हणून जुलै २०२१ पासून अधिमान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची योजना अंमलात आली. या केंद्रांत जड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा आहे, अभिरूप यंत्रावर सराव आहे, स्वतःचा चाचणी मार्ग आहे. तेथून उत्तीर्ण झालेल्यास परिवहन कार्यालयाची वाहन चालविण्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही. आपल्याला जवळचे ठिकाण म्हणजे पुण्याजवळील भोसरी. १९६७ साली स्थापन झालेली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट ही संस्था तेथे आहे आणि चालकांना शिकविण्याचे काम तेथे चालते. आपल्या गावांपासून एस.टी.ने अर्ध्या दिवसाची वाट. तरीही आपल्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकले आहे?

शाळेत असे काय शिकवितात जे उस्ताद शिकवीत नाही, असा प्रश्न मला एका जुन्या चालकाने केला. त्याचे उत्तर मी घाटाच्या उदाहरणाने देतो, कारण आपण घाटाखालची आणि घाटावरची माणसे आहोत. ब्रेक लावला म्हणजे गाडीची गती नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. सपाट रस्त्यावर ही उष्णता हवेत विरून जाते. लांब उतारावर भरलेली गाडी केवळ पायाच्या ब्रेकवर धरून ठेवली, तर ड्रम आणि लायनिंग इतके तापतात, की पुढे पाय कितीही दाबला तरी पकड येत नाही. चालक म्हणतो, ब्रेक फेल झाला. पुष्कळदा तो फेल झालेला नसतो, तो थकविलेला असतो. म्हणून उतार लागण्यापूर्वीच, ज्या गीअरमध्ये आपण तो घाट चढलो असतो त्या गीअरमध्ये गाडी घालावयाची, इंजिनालाच तिला धरावयास लावावयाचे, एक्झॉस्ट ब्रेक असेल तर तो वापरावयाचा, आणि पायाचा ब्रेक राखून ठेवावयाचा. उतारावर अर्ध्यात गेल्यावर खालचा गीअर घालू म्हणणाऱ्याला तो बहुधा पडत नाही, आणि गाडी न्यूट्रलमध्येच अडकते.

आता न्यूट्रलची गोष्ट. डिझेल वाचते, या समजुतीने उतारावर गाडी मोकळी सोडण्याची चाल आपल्याकडे पिढीजात आहे. काही जण तर इंजिनच बंद करतात. ब्रेकला लागणारी हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. इंजिन बंद झाले की टाकीत आहे तेवढीच हवा, आणि दर ब्रेकला ती कमी होत जाणार. स्टिअरिंगही दगडासारखे जड होते. आणि गंमत पाहा, ज्या डिझेलसाठी हे साहस करावयाचे ते वाचतही नाही. आजच्या इलेक्ट्रॉनिक पद्धतीच्या इंजिनात गाडी गीअरमध्ये असून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तर डिझेलचा पुरवठाच थांबतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहण्यापुरते डिझेल जळत राहते. ही माहिती समजावून सांगण्यास पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे न मिळाल्यामुळे कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर काय काय झाले ते आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका ट्रकने तेथे कित्येक वाहने चिरडली. तो उतार आपल्या मुलांच्या रोजच्या वाटेवर आहे.

दुसरी गोष्ट गणिताची. वेग दुप्पट झाला की गाडी थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट होईल, असे कोणासही वाटते. ते चौपट होते. ताशी ४० ला जी गाडी जेथे थांबते, ती ८० ला त्याच्या चौपट पुढे जाऊन थांबते. शिवाय धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तर ताशी ८० च्या वेगाने गाडी त्या एका सेकंदात २२ मीटर गेलेली असते. आमच्या शाळेची वर्गखोली सहा मीटर लांबीची आहे. म्हणजे साडेतीन वर्गांहून अधिक अंतर गाडी गेली, आणि ब्रेक अजून लागलेलाच नाही. दहावीच्या मुलांना मी हे फळ्यावर करून दाखवीत असे. गणिताचा कंटाळा करणारी मागच्या बाकावरची मुले त्या दिवशी पुढे येऊन बसत.

झोपेविषयी शाळाही फार काही करू शकत नाही, हे मला कबूल केले पाहिजे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विसावा असा दंडक घातला होता. पुढे २०२० च्या कामगार संहितेत तो कायदा सामावला गेला. पण टोमॅटो भरलेली गाडी पहाटे चारला वाशीच्या बाजारात लागली पाहिजे असे ज्याला बजावलेले आहे, त्याच्यापुढे कोणता कायदा उभा राहतो? येथे दोष चालकाचा कमी आणि आपल्यातीलच गाडीमालकांचा अधिक आहे. आज मंडपात चार-पाच मालक बसले आहेत, म्हणून हे मुद्दाम बोलतो. चालकाला वेळेवर पोहोचण्याचे बक्षीस देता, तेव्हा आपण त्याच्या झोपेची किंमत ठरविता. २०२५ साली नव्या मध्यम व जड मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन असणे सक्तीचे झाले, हे बरे झाले. मे महिन्यात सोलापूरच्या रस्त्यावर दुपारी केबिनमध्ये बसून पाहिलेल्या माणसाला ती चैन वाटणार नाही.

अपघात घडल्यावर काय करावे, हे आपल्या मुलांना कोणीच सांगत नाही. ती पळून जातात, कारण जमाव मारील ही भीती खरी आहे. जानेवारी २०२४ च्या आरंभी देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या त्या याच धास्तीपायी. नव्या न्यायसंहितेत, अपघात करून न कळविता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली, तेव्हा ते पोटकलम मात्र बाजूला ठेवले गेले. परंतु मोटार वाहन कायद्याचे १३४ वे कलम पूर्वीपासून आहे आणि ते माणुसकीने लिहिलेले आहे. जखमीस उपचार मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य, असे ते सांगते. पण जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसेल तर त्याची सूट देते, आणि लवकरात लवकर, निदान २४ तासांच्या आत, जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन वर्दी द्यावी असे म्हणते. जीव वाचविण्यासाठी दूर जाणे आणि कायमचे पळून जाणे यांत फरक आहे, हे ज्या मुलाला ठाऊक आहे तो थेट ठाण्यावर जाईल. ज्याला ठाऊक नाही तो मामाच्या गावी लपेल आणि आयुष्याचे वाटोळे करून घेईल.

कागदपत्रांचे वळणही बदलले आहे. ५० हजारांहून अधिक किमतीचा माल परराज्यात न्यावयाचा तर एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल लागते आणि अंतराप्रमाणे त्याची मुदत संपते. वाटेत गाडी बिघडून मुदत टळली तर नाक्यावर जाब चालकालाच विचारतात. फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यावर फास्टॅग सक्तीचा झाला. मालकाने खात्यात पैसे न ठेवल्यास दुप्पट आकाराचा भुर्दंड कोणाच्या भत्त्यातून गेला, हे चालकांना विचारा. बाजारात माल उतरविताना वाराई कोणी द्यावयाची यावरून होणारी हुज्जत तर जुनीच. हिशेबाची एक लहान वही रोज लिहिण्याची सवय शाळेतच लागली, तर यातील निम्मे तंटे उद्भवणार नाहीत.

भगिनींनो, आता एक गोष्ट आपल्यासाठी. चालकाला मुलगी द्यावयाची नाही, असा एक अलिखित ठराव आपल्या घराघरांतून झालेला आहे. महिन्यातून वीस दिवस घराबाहेर, व्यसनाची भीती, अपघाताची भीती, ही आपली कारणे मला ठाऊक आहेत आणि ती निराधार नाहीत. परंतु त्याचा परिणाम असा होतो, की स्थळाला जाताना मुलगा आपला धंदा लपवितो, "ट्रान्सपोर्टमध्ये आहे" असे मोघम सांगतो. ज्या कामाचे नाव घेण्याची लाज वाटते ते काम माणूस नीट शिकत नाही. त्याऐवजी आपण त्याला रोखठोक विचारावे : परवाना कोणत्या वर्गाचा, शिकलास कोठे, डोळे कधी तपासलेस, विमा किती, मालकाकडे रात्रीच्या फेऱ्या किती. हे प्रश्न मुलीच्या आईने विचारले, तर त्यांचा धाक परिवहन कार्यालयापेक्षा अधिक राहील.

डोळ्यांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. वैद्यकीय दाखल्याच्या नमुन्यात, दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटरवरील मोटारीची क्रमांकपाटी वाचता येते काय, आणि रंग ओळखता येतात काय, असे विचारलेले असते. हा दाखला डोळे न पाहता मिळाल्याची उदाहरणे आपल्याला नवी नाहीत. सव्वीस वर्षांचा माझा एक माजी विद्यार्थी, नाव घेत नाही, चार वर्षे गाडी चालवीत होता आणि रात्री समोरच्या दिव्यांनी त्रास होतो म्हणून गाडीलाच दोष देत होता. त्याला चष्मा लागला होता. शाळेत तो फळा दिसावा म्हणून सतत पुढे सरकून बसे.

आता ज्यासाठी हे सारे बोललो त्या प्रस्तावाकडे वळतो. आपल्या शिष्यवृत्ती निधीच्या नियमांत "महाविद्यालयीन शिक्षणासाठी" असे शब्द आहेत. ते बदलून "महाविद्यालयीन अथवा मान्यताप्राप्त व्यवसायशिक्षणासाठी" असे करावेत आणि त्यातून दरवर्षी चार मुलांना जड वाहनाच्या प्रशिक्षणाची फी द्यावी, असा लेखी प्रस्ताव मी चिटणिसांकडे दिला आहे. समाजाच्या पैशाने ड्रायव्हर घडवावयाचे काय, असा आक्षेप कार्यकारिणीत एका सभासदाने घेतल्याचे माझ्या कानी आले. त्यांना माझे एवढेच विचारणे आहे, की त्यांच्या दुकानातील माल कोणत्या पदवीधराने आणून टाकला?

माझ्या अटी थोड्या आहेत. मुलाने हलक्या वाहनाचा परवाना आधी स्वखर्चाने काढलेला असावा, म्हणजे त्याची तळमळ कळेल. फी देण्यापूर्वी मंडळाने त्याचे डोळे तपासून घ्यावेत. तपासणीचा दाखला बाजारातला नको, समक्ष झालेला हवा. पैसे मुलाच्या हाती न देता केंद्राकडे भरावेत, तेही दोन हप्त्यांत, आणि दुसऱ्या हप्त्याआधी मंडळाच्या एका माणसाने तेथे जाऊन मुलगा खरोखर गाडीवर बसतो की नाही हे पाहून यावे. नोकरी लागल्यावर रक्कम बिनव्याजी परत करावी, म्हणजे पुढच्या मुलाची सोय होईल. शिक्षण पुरे झाले की सहा महिने त्याला एकट्याने घाटात पाठवू नये. आपल्यातील एखाद्या जाणत्या चालकाने सीटवर शेजारी बसावे. आपल्या समाजात निवृत्त झालेले, तीस-तीस वर्षे एकही माणूस न दुखावता गाडी चालविलेले निदान तीन गृहस्थ मला माहीत आहेत. मी त्यांना भेटलो. दोघांनी होकार दिला. तिसरे म्हणाले, आधी मुलांचे मोबाईल काढून घेत असाल तर येतो.

प्रस्ताव आज दुपारी तीन वाजता साधारण सभेपुढे येईल. तो संमत झाला किंवा न झाला, तरी पहिल्या मुलाची फी मी माझ्या निवृत्तिवेतनातून द्यावयाचे ठरविले आहे आणि ती रक्कम सकाळीच खजिनदारांकडे पावती घेऊन जमा केली आहे. अर्जाचे कोरे नमुने दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. ज्यांच्या घरी वीस वर्षांचा मुलगा आहे त्यांनी जेवणास बसण्यापूर्वी एक उचलून न्यावा.